लंडनच्या बिलांवरचं कुंकू

वसमतच्या हळदीच्या पेढीवर मी इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा माझी जागा दाराशी, स्टुलावर. आत पंख्याखाली खुर्चीत मुनीमकाका. तीस वर्षांचे जुने. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी माझ्या प्रत्येक पत्रावर हात फिरवून विचारायचे, "बराबर हाय ना, माय?" माणूस वाईट नव्हता. मला फक्त त्यांची खुर्ची हवी होती, आणि तिचा पगार.

त्या साली शेठ हळद विकायला लंडनला गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांना चार दिवस हॉटेलात जेवू घालून आले. परतल्यावर कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की त्या बिलांत तिथला व्हॅट नावाचा विक्रीकर धरलेला असतो आणि बाहेरदेशच्या धंदेवाल्याला तो अर्ज करून परत मिळतो. आपल्याकडे अजून व्हॅट यायचा होता. रक्कम सालगड्याच्या वर्षाच्या पगाराएवढी निघाली. शेठनी मनातल्या मनात ती खर्चूनही टाकली. अर्ज मी भरला. अस्सल बिलं सोबत पाठवायची होती, ती फाईलला लावून ठेवली.

मध्येच दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला पेढीवरच्या नव्या कागदांना हळदकुंकू लावायचा मान मुनीमकाकांचा. त्यांनी लंडनच्या बिलांनाही भक्तिभावानं बोट लावलं. मी ते पाहिलं. पाडव्यानंतर बिलं तशीच रवाना केली.

उत्तर आलं ते उन्हाळ्यात, हळदीचा बाजार भरात असताना. सरळ लिहिलं होतं, की पाहुण्यांना जेवू घातल्याच्या खर्चावरचा व्हॅट आम्ही परत देत नाही. कुंकवाबद्दल एक शब्द नव्हता. पेढीवर इंग्रजी वाचणारी मी एकटीच.

"काय म्हणून राहिले?" शेठनी विचारलं.

"बिलावर डाग हायत म्हणून नामंजूर केलं," मी म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

शेठ मुनीमकाकांवर धावून गेले. "काहून लावलं कुंकू? तीस साल माझं खाल्लं, अन् माझंच बुडवून राहिला?"

"शकुनाचं लावलं, मालक."

शेठनी त्यांना त्याच दुपारी घरी बसवलं. जाताना ते माझ्या स्टुलापाशी थांबले. म्हणाले, "माय, तिकडच्या सायबाला एक पत्र लिव्ह. म्हातारा हाय, चूक झाली म्हणावं. मालकाचे पैसे द्या म्हणावं." मी टाईप केलं. त्यांनी मराठीत सही केली आणि तिकिटाचे पैसे माझ्या हातात ठेवले. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर मी पत्र फाडलं. पैसे ठेवून घेतले.

नंतर दर आठ-पंधरा दिवसांनी ते यायचे. दाराबाहेर चपला काढून विचारायचे, "आलं का उत्तर?" मी त्यांच्या खुर्चीतूनच सांगायची, "न्हाई आलं, काका." लाज वाटायची. खुर्ची मात्र सोडवत नव्हती.

पुढच्या दिवाळीला पूजेचं ताट शेठनी माझ्या हातात दिलं. मुनीमकाका दारात उभे होते. आत यायला कुणी म्हणालं नव्हतं. मी कुंकवात बोट बुडवलं, तसे ते घाबऱ्याघाबऱ्या पुढं आले आणि शेठना ऐकू जाऊ नये असं हळूच म्हणाले, "कागदाला लावू नको, माय. तुझी बी नोकरी जाईल."