नानांचा चौदा फुटी मासा

वडिलांनी बांधलेला कणा मी त्यांना न विचारता करवतीने कापला.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन येतायत, नानांवर काहीतरी लिही म्हणून. लिहायचं तर हेच लिहावं लागेल. बाकीचं तुम्हाला माहितीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना होड्या बांधायचे. रत्नागिरीत खाडीकाठी आमची शेड. मी शिल्पकला शिकून आले आणि त्याच शेडच्या अर्ध्या भागात पुतळे, देखावे करत बसले.

चिपळूणच्या एका शाळेने मोसासॉर मागितला होता. डायनासोरच्या काळातला, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, आपल्या घोरपडीचा लांबचा नातेवाईक. चौदा फुटी, अगदी जिवंत वाटेल असा हवा होता. हॉलच्या छताला टांगायचा, म्हणजे पुराचं पाणी आत आलं तरी भिजायला नको.

नानांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. दर मंगळवार, शुक्रवार. होड्या बंद. दिवसभर खुर्चीत बसून माझं काम बघायचे.

एकदा सहज म्हटलं, "नाना, आतला लाकडी सांगाडा तुम्ही करता का?"

माणूस खुर्चीतून उठला हो.

सागाचा कणा, त्यावर फासळ्या. दीड महिना लागला. थोडं काम, मग दम खायचा, परत थोडं काम. रोज दोरी ताणून एक डोळा मिटून बघायचे.

"मासा सरळ आला पायजे."

"नाना, मासा नाही तो. सरपटणारा प्राणी आहे."

"पाण्यात ऱ्हातो ना? मग मासा."

हे रोजचं. मला त्याचाही वैताग यायचा.

मग पुण्याहून शाळेने बोलावलेल्या तज्ज्ञ बाई आल्या. सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाल्या, "मापं अचूक आहेत. पण हा पोहत नाहीये. शेपटीकडे कणा एका बाजूला वळायला हवा. हा होडीसारखा सरळ आहे."

नाना तेव्हा हॉस्पिटलात होते. नशीब.

चूक माझी होती. मी त्यांना फक्त बाजूने काढलेलं चित्र दिलं होतं. वरून कसा दिसतो ते दाखवायचं सुचलंच नाही. आणि वळण दिसतं ते वरूनच. नानांनी जन्मभर जे केलं तेच केलं. कणा वाकडा असेल तर होडी एका अंगाला ओढते. दोन बोटांच्या फरकासाठी बांधून झालेली होडी त्यांनी परत सोडवलेली मी पाहिली आहे.

त्यांना कसं सांगायचं?

पुढच्या शुक्रवारी त्यांना आईबरोबर रिक्षाने पाठवलं आणि मी कणा कापला. तिरका जोड दिला, चार बोल्ट मारले.

खरं सांगू? त्यांना वाईट वाटेल अशी भीती वगैरे नव्हती. समजावून सांगायचा कंटाळा आला होता. औषधं, पथ्य, मोजून पाणी, वर शाळेची घाई. मी फार दमले होते.

दुपारी नाना आले. चपला न काढता तसेच शेडमध्ये. कण्यावरून हात फिरवत फिरवत जोडापाशी आले आणि थांबले.

"इचारलं असतंस तर मीच कापला असता."

मी जमिनीवरचा भुसा झाडू लागले.

"सांधा सुटेल ह्यो. आतून एक पट्टी मार."

"नाना, बोल्ट मारलेत. आता वेळ नाही."

ते खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर माशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मी जाळी ठोकली, फायबर चढवलं, घोरपडीचे फोटो समोर ठेवून एकेक खवला कोरला. त्या दिवसांत त्यांच्या बाजूने अधूनमधून करवतीचा आवाज यायचा. मी इकडून ओरडायचे, "नाना, पुरे आता, झोपा!"

"एक छोटं काम हाय."

मी उठून बघितलं नाही. मोसासॉर टेम्पोत चढला तेव्हा नाना दारात उभे होते. तीन आठवड्यांनी ते गेले.

गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. शेपटीजवळ रंगाला चीर गेली आहे.

मी चिपळूणला गेले. शिडी लावली, पोटाखालचा तुकडा कापून आत बॅटरी मारली.

सांधा सुटला होता. नाना म्हणाले होते तिथेच.

पट्टीसाठी साग हवा म्हणून परवा नानांच्या बाजूला गेले. वर्षभर तिकडे हात लावला नव्हता. त्यांच्या हत्यारांच्या पेटीमागे, गोणपाटात गुंडाळलेली, एक पट्टी होती. रंधा मारून गुळगुळीत केलेली. बोल्टची भोकंसुद्धा पाडलेली.

सरळ नव्हती. माझ्या वाकड्या कण्याच्या वळणाबरोबर वळवून कापली होती. जन्मात वाकडा कणा न बांधलेल्या माणसाने.

वर पेन्सिलीने एक बाण. बाणाच्या टोकाला लिहिलेलं 'शेपूट'.

आणि खाली, 'मासा'.

तिथेच जमिनीवर बसून रडले. आई हाका मारत होती.

काल चिपळूणला जाऊन बसवली. कुठे घासावी लागली नाही. पहिल्या फटक्यात बसली.

श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही. एवढंच सांगायचं होतं.

छोटं काम झालं, नाना.

आता झोपा.