न केलेल्या प्रयोगांवर सही

सुनंदा गजभिये गेल्याचं मला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. प्राचार्यांचा मेसेज होता, वर समईचं चित्र, खाली 'प्रकाशाची वाट दाखवणारा दीप मालवला.' स्टाफरूममध्ये बसून मी ते वाचलं आणि फोन टेबलावर आपटला. शनिवार पेठेतल्या या कॉलेजात सुनंदानं अकरावी-बारावीला बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. प्रकाशाला कुणी ज्ञान, आशा वगैरे चिकटवलं की तिचं डोकं फिरायचं. "काऊन गं, उपमा दिल्याशिवाय तुम्हा पुणेकरांना काही समजतच नाही का?" मूळची भंडाऱ्याची. इतकी वर्षं पुण्यात काढूनही रागावली की 'का'च्या जागी 'काऊन' यायचंच. तो मेसेज वाचून तर आलंच असतं…

मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळा शेजारी-शेजारी, मध्ये एक दार. त्या दारातून तिचे तास ऐकायची मला सवयच लागली होती. अकरावीच्या पहिल्या तासाला ती खिडकीची एकच झडप उघडी ठेवायची आणि विचारायची, "प्रकाश दिसतो का?" मुलं उन्हाच्या तिरप्या पट्ट्याकडे बोट दाखवून "हो" म्हणायची. मग ती खडूनं माखलेलं डस्टर त्या पट्ट्यात झटकायची. पट्टा लख्ख उजळायचा आणि धूळ बसली की पुन्हा फिका पडायचा. "दिसते ती धूळ. प्रकाश समोरून चाललाय, पण डोळ्यात शिरत नाही तोवर तुम्हाला त्याचा पत्ताच नाही," असं म्हणून ती फळ्याकडे वळायची. एकदा एका मुलीनं काचेच्या चिपेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, पुस्तकात असतो तसा बरोब्बर दीड काढून आणला. सुनंदा म्हणाली, "अगदी दीड? चीप कापताना तुला विचारून कापली होती काय?" पोरगी रडवेली झाली. संध्याकाळपर्यंत तिच्याकडून किरणाची वाट आखायच्या टाचण्या पुन्हा पुन्हा लावून घेतल्या. एक पूर्णांक सत्तेचाळीस आला, तेव्हा कुठे म्हणाली, "हं. हा तुझा."

मग कॉलेजनं एका क्लासशी हातमिळवणी केली. प्रवेश परीक्षांच्या सराव चाचण्यांसाठी जागा हवी म्हणून तिच्या प्रयोगशाळेतली टेबलं बाहेर काढली, बाकं आत आली. वर्षभर एकही प्रयोग झाला नाही आणि परीक्षेच्या तोंडावर स्टाफरूमच्या टेबलावर जर्नल्सचा गठ्ठा आला, सगळ्यांत एकसारखी, आधीच छापलेली निरीक्षणं. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, नुसती सही तर करायचीय. सगळीकडे करतात."

"ज्या पोरीनं टाचणी हातात धरली नाही, तिनं अपवर्तनांक काढला असं मी लिहून देऊ?"

"आपण फारच मनाला लावून घेता."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि ती उठली. पुढच्या वेळापत्रकात तिचं नावच नव्हतं. तिला ग्रंथालयात बसवलं, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला. वर्षभर तिनं ते केलं, मग राजीनामा दिला.

आणि मी? त्याच दुपारी, त्याच टेबलावर, मी माझ्या विषयाच्या जर्नल्सवर सह्या केल्या. त्या मुलांनी ब्युरेटची नळी हातात धरलेली नव्हती. सुनंदानं पाहिलं. एका शब्दानं बोलली नाही, उलट नंतर दर आठवड्याला फोन करत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शोकसभेत प्राचार्य वीस मिनिटं बोलले. तिला ग्रंथालयात बसवल्याचा उल्लेख आला नाही, 'तेजोमय' हा शब्द मात्र चारदा आला. वार्षिकांकासाठी तिच्यावर लिहायला मलाच सांगितलं. लिहिलं. लेख परत आला, कडेला लाल शाईत शेरा होता : 'सह्यांचा परिच्छेद वगळावा.' मी अख्खा लेखच वगळला आणि तो परिच्छेद इथे लिहिते आहे. माझ्या सह्यांसकट.

मागच्या रविवारी हडपसरला तिच्या घरी गेले. तिचे यजमान प्रदीपराव कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. राजीनाम्यानंतर तिथे ती सोसायटीतल्या मुलांना बसवून शिकवायची. खिडकी काळ्या कागदानं बंद केलेली आणि कागदाला मुगाएवढं भोक. डोळे सरावले तसं समोरच्या भिंतीवर चित्र उमटलं : पलीकडची इमारत, उलटी. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या वरच्या दिशेनं लोंबत होत्या, आकाश फरशीला टेकलं होतं.

"कागद काढवत नाही," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "ताई, हे उलटं का दिसतं हो? ती नेहमी सांगायची. मी हो-हो म्हणायचो, लक्ष पेपरात…"

मी दार जरा उघडून उजेड घेतला आणि तिथेच पडलेल्या पेपरच्या कोऱ्या कडेवर दोन रेघा काढल्या, भोकापाशी एकमेकींना छेदणाऱ्या. "वरून निघालेला किरण भोकातून जातो आणि भिंतीवर खाली पोचतो. खालून निघालेला वर. मध्ये कुठे वळत नाही, सरळ जातो."

त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "एवढंच?"

"एवढंच."

ते पुन्हा भिंतीकडे बघत बसले. एवढंच तर शिकवायचं होतं तिला. आम्ही शिकवू दिलं नाही.