लिओनिलाचे हात

मनिलातील एका पोकरगृहात लिओनिला अनेक वर्षे पत्ते वाटत आली होती. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाचा लोभ आणि भय तिला स्वच्छ दिसे. त्यामुळेच आपणही खेळाडू व्हावे, ही आकांक्षा तिने निष्ठेने जपली होती. अखेर एका रजेच्या दिवशी ती दुसऱ्या पोकरगृहातील स्पर्धेत स्वतः खेळायला बसली.

दुपारी तिच्या हाती दोन एक्के, म्हणजे सुरुवातीचे सर्वांत भारी पत्ते, आले. तिने आपल्या साऱ्या चकत्या पणाला लावल्या. समोर बसलेल्या, तिच्या पोकरगृहात नेहमी येणाऱ्या वृद्ध कासियोकाकांनी तेवढ्याच पुढे सारल्या. तिसऱ्या खेळाडूने मात्र डाव सोडला आणि त्याने फेकलेले पत्ते लिओनिलापुढे येऊन पडले. तिने ते सराईतपणे गोळा केले, त्यांत आपलेही दोन पालथे पत्ते मिसळले आणि पत्ते वाटणाऱ्या दिंदोपुढच्या टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात सारून दिले. ढिगात गेलेले पत्ते नियमाने बाद होत. ती हरली.

"पोरी, पगार तिकडे घेतेस आणि काम इथंही करतेस!" कासियोकाका खदखदून हसले.

दिंदो तिचा जुना सहकारी. मधली सुट्टी होताच तो बाहेर तिच्यापाशी आला. "ताई, सवय गं, दुसरं काय! पुढच्या महिन्यात पुन्हा नाव घाल."

तिलाही तसेच मानायचे होते. परंतु काकांनी चकत्या सारल्या त्या क्षणी आपल्याला अनावर भीती वाटली होती, हे तिला आठवत होते. हात सवयीने चालले, की त्यांनी पळ काढला?

"थांब रे," ती म्हणाली. "मला जिंकायचं होतं का, तेच आधी कळू दे."