युनूसभाईंचा भोंगा आणि डब्यातली बाई

पाटबंधारे खात्यात कारकून होतो तेव्हा वर्षाकाठी एखादा सांगण्याजोगा किस्सा हाती लागायचा, तोही बहुधा साहेबाच्या बदलीच्या वेळी. निवृत्त झालो, अमरावतीत राजापेठेतल्या मोतीराम साउंड सर्व्हिसच्या दारात संध्याकाळी बसायला लागलो, आणि तेवढ्यात ही एआय नावाची भानगड गावात आली. आता किस्से असे साचलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा बाही ओढतो!

दुकान म्हणजे लग्नाचे बॉक्स, माइक, भाड्याच्या खुर्च्या आणि टपावर दोन भोंगे बसवलेला एक ऑटो. दुकान काढलं मोतीराम काकांनी. काका आता आतल्या खोलीत खाटेवर असतात. पाय गेले, नजर गेल्यात जमा, पण कान असे तिखट की बाहेर आपण काय बोललो ते आतून दुरुस्त करून परत येतं. कारभार मुलगा सुधाकर पाहतो. शेजारी सिंधूबाईंचं फुलांचं दुकान. आमच्या बैठकीत त्या हार गुंफता गुंफता भाग घेतात. आणखी एक इंगोले सर, निवृत्त विज्ञान शिक्षक. जगाचा शेवट जवळ आला आहे हे ते रोज पेपरात वाचून येतात.

आणि युनूसभाई. ऑटोतून फिरत माइकवर बोलणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख करून दिली तर ते रागावतील. त्यांचं म्हणणं असं: "ऑटो तं कोनीबी चालवते. मी गाव चालवतो!"

खोटं नाही. सेल असो, सर्कस असो, नळाला पाणी येणार नसो, सगळं गावाला युनूसभाईंकडून कळतं. पण कोणी वारलं की त्यांची रीत वेगळी. गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवतात, इंजिन बंद करतात आणि म्हणतात, "राजापेठकर हो, जरा हातचं काम ठेवा." मग एक श्वास थांबतात. तेवढ्यात बायका गॅस बारीक करतात, न्हावी वस्तरा वर धरतो. नाव त्यानंतर येतं.

* * *

पहिला किस्सा इंगोले सरांचा. एआय आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "लिहून ठेवा बाबूजी, हे यंत्र एक दिवस सगळ्या मानवजातीले गुलाम करन!"

सिंधूबाईंनी झेंडूचं फूल दोऱ्यात ओवलं आणि विचारलं, "सर, ते दिवसा येईन का राती?"

"म्हणजे?"

"आमच्या वलगावले शेतात थ्री-फेज लाइट रातच्यालेच येते. दिवसा गुलाम कराले आलं तं मधातच बंद पडन बिचारं!"

तेव्हापासून सर जगाच्या कोणत्याही विनाशाची बातमी सांगताना शेवटी "लाइट असली तर" एवढं जोडतात.

* * *

मलाही एकानं विचारलं, "बाबूजी, कारकून जाणार म्हणतात. वाईट वाटत असेल?"

मी म्हटलं, आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हाही कारकून जाणार होता. कॉम्प्युटर आला. मग त्याच्यासाठी टेबल आलं, टेबलासाठी कापड आलं, कापड धुवायला टाकण्यासाठी मंजुरी लागली, आणि मंजुरीची फाइल फिरवायला दोन कारकून वाढले!

हे यंत्र बेधडक चुकीचं उत्तर देतं आणि वर माफी मागतं, असं ऐकून आहे. पहिला गुण मी प्रत्येक साहेबात पाहिला. दुसरा एकातही नाही. तेवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

* * *

सगळे घाबरलेलेच होते असं नाही. सिंधूबाईंचे दीर प्रल्हादभाऊ वलगावला कापूस लावतात. ते एकदा मोबाइल घेऊन मोठ्या उत्साहात आले. खिशातून कपाशीचं बोंड काढलं, फोटो मारला, आणि मोबाइल शुद्ध मराठीत बोलायला लागला. ही बोंडअळी, अमुक फवारा, परवा पाऊस आहे म्हणून फवारणी आज करा. आम्ही सगळे गार! इंगोले सरांनीसुद्धा मान हलवली. गेल्या वर्षी बोंडअळीनं प्रल्हादभाऊंचं अर्धं रान खाल्लं होतं, तेव्हा बांधावर येऊन एवढं सांगणारं कोणी नव्हतं.

सिंधूबाई म्हणाल्या, "आता त्याले भाव इचारा भाऊजी."

प्रल्हादभाऊंनी विचारलं. मोबाइल म्हणाला, "कापसाचा भाव अनेक घटकांवर अवलंबून असतो. कृपया आपल्या स्थानिक बाजार समितीशी संपर्क साधा."

प्रल्हादभाऊंनी बोंड पुन्हा खिशात घातलं. "घ्या! म्हणजे रोग याले समजते, अन् शेतकरी मेला तं चौकशी दुसऱ्या खिडकीवर!"

मला मात्र भरून आलं. अर्ज दुसऱ्या टेबलाकडे पाठवून मोकळं होणं ही आमची खास विद्या. यंत्राला ती कोणी शिकवली असेल?

* * *

दिवाळीच्या आधी एके दिवशी सुधाकरनं जाहीर केलं, "युनूसभाई, गिऱ्हाइकं आता टीव्हीसारखा आवाज मागून राहिले. मोबाइलवर एआयचा बाईचा आवाज घेतला मी. लिहून दिलं की बोलते. घसा बसत नाही, सुट्टी मागत नाही, पान खात नाही. दिवाळीपासून बोलाचं काम तिचं. तुमी फक्त ऑटो चालवा."

युनूसभाईंनी पानाची पिंक टाकायला वेळ घेतला. मग म्हणाले, "म्हणजे नवरदेव तो डब्बा, अन् मी घोडी?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. सुधाकर आत गेल्यावर मला म्हणाले, "बाबूजी, ऑटो चालवाची लाज नाही मले. पन मांगून दुसऱ्याचा आवाज येईन अन् गाव माह्या तोंडाकडे पाहीन, तवा मी मान कुठं ठेवू?"

मग म्हणाले, "पन मी जात नाही बरं! जाईन तं ते बाई जाईन!"

* * *

त्या आवाजाला आम्ही 'डब्यातली बाई' म्हणायला लागलो. आवाज गोड. भाषा अशी की प्रत्येक शब्दाला इस्त्री. तिचं पहिलं काम साड्यांच्या सेलचं होतं. "सर्व भगिनींना सविनय कळविण्यात येते की…" असं म्हणत ऑटो निघाला.

अर्ध्या तासात ऑटोच्या मागे तीस-चाळीस बायका! सुधाकर खूश. पण बायका साड्यांचं काही विचारेनात. प्रत्येकीच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स.

आता त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे इतक्या गोड आणि इतक्या शुद्ध मराठीत फक्त सरकार बोलतं, आणि तेही योजना आली तरच. युनूसभाई हँडलवर हात ठेवून शांतपणे सांगत होते, "माय, मी नाही बोललो. तिले इचार. मी घोडी आहो."

झेरॉक्सवाल्याचा त्या दिवशी धंदा चांगला झाला. साडी एक विकली गेली, ती सुधाकरच्या बायकोनं घेतली.

* * *

मध्येच अकोल्याला कापसाच्या भावासाठी मोर्चा निघाला. युनूसभाईंना तिकडून बोलावणं आलं. मीही गेलो. निवृत्त माणसाला मोर्चा फुकट असतो.

एका तरण्या कार्यकर्त्यानं युनूसभाईंच्या हातात घोषणांचा कागद दिला. "एआयकडून काढल्या काका! एकदम नवीन."

युनूसभाईंनी माइक हातात घेतला, कागद पाहिला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चला, संवादातून मार्ग काढूया!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "कोन्या बँकेचं उद्घाटन आहे का बाप्पा?"

"परस्पर सामंजस्य, हीच काळाची गरज!"

बंदोबस्तावरचा हवालदार खूश होऊन मान डोलावू लागला. तेव्हा युनूसभाईंनी कागदाची घडी करून त्याच्याच हातात दिली. "साहेब, हे तुमच्या कामाचं आहे." आणि माइक तोंडाशी धरून असे गरजले की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले, "कापसाले भाव द्या! नाही तं खुर्ची खाली करा!"

पुढचे दोन तास कागदाची गरज कोणाला पडली नाही. त्या कार्यकर्त्याचा घसा सगळ्यात आधी बसला.

* * *

अकोल्याहून परतल्यावर सुधाकरनं तडजोड काढली. "युनूसभाई, आता आवाज तुमचाच ठेवू. तुमी मोबाइलमध्ये थोडा वेळ बोला, ते शिकून घेईन. मग तुमी घरी बसले तरी आवाज गावात फिरन. अमर व्हाल!"

"काय बोलू?"

"काहीबी बोला. नैसर्गिक बोला."

युनूसभाईंनी मोबाइल ऑटोत समोर ठेवला आणि ऐन संध्याकाळी राजापेठ चौकातून दोन चकरा मारल्या. सुधाकरनं न ऐकताच तो आवाज यंत्राला शिकवला.

पहिली ऑर्डर एका दातांच्या डॉक्टरची, नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाची. ऑटो निघाला आणि भोंग्यातून युनूसभाईंचा आवाज आला. शब्द होते, "आपण सहकुटुंब उपस्थित राहावे, ही नम्र विनंती." सूर होता, आंधळा झाला का बे, समोर पाहून चालव!

"अल्पोपाहाराची सोय केली आहे!" हे वाक्य ऐकून दोन माणसांनी आपल्या गाड्या बाजूला घेतल्या.

संध्याकाळी डॉक्टर दुकानात आला. बिचारा घाबरलेला. "मी गावाचं काय बिघडवलं हो?"

सुधाकर युनूसभाईंवर उखडला. ते म्हणाले, "तुमीच म्हनले नैसर्गिक बोला. राजापेठ चौकात मानूस नैसर्गिक असाच बोलते!"

* * *

आता शेवटचा.

डॉक्टरचं प्रकरण सुधाकरला फार लागलं. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बस झालं युनूसभाई. उद्यापासून ऑटोची चाबीबी ठेवून द्या."

युनूसभाईंनी खिशातून चाबी काढली. तेवढ्यात आतून मोतीराम काकांचा आवाज आला, "सुधाकर! दुकान अजून माह्या नावावर आहे ना?"

"हो बाबा."

"मग सांग, मी मेलो का माही बातमी कोन बोलन?"

"बाबा, असं काहून बोलता?"

"मरनार तं आहोच. ऐकून मरतो. आधी तुही बाई बोलू दे, मग युनूस. ज्याचं मले पटन, भोंगा त्याचा."

सुधाकरनं मोबाइलवर मजकूर लिहिला. ऑटो दारातच उभा होता. भोंगे सुरू झाले. डब्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "कळविण्यास अत्यंत दुःख होते, की श्री. मोतीराम यांचे अल्पशा आजाराने निधन झाले आहे…"

"अल्पशा?" आतून काका ओरडले. "इतके वर्सं पडून आहो, ते अल्पसं?"

बाईनं पूर्ण मजकूर वाचला. एक अक्षर चुकलं नाही. रस्ता चालू होता तसाच चालू राहिला. समोरच्या माडीवरून एक बाई वाकून म्हणाली, "ओ भाऊ, हा सेल कवापर्यंत आहे?"

मग काका म्हणाले, "आता युनूस."

युनूसभाई जागचे हलले नाहीत. "काका, जित्या मानसाचं मी बोलत नाही. या माइकवर आजपर्यंत खोटं बोललो नाही."

इंगोले सर खोकले. साड्यांच्या सेलचा 'शेवटचा दिवस' युनूसभाईंनी वर्षभर पुकारला होता.

"ठीक आहे," काका म्हणाले. "मग मले ते डब्ब्यातली बाईच मोक्षधामात नेईन. चालन तुले?"

युनूसभाई उठले. पान थुंकून तोंड धुतलं. ऑटोत बसले. इंजिन बंदच होतं, तरी चाबी फिरवून पाहिली. माइक तोंडाशी धरला.

"राजापेठकर हो, जरा हातचं काम ठेवा."

एक श्वास थांबले.

"आपले मोतीराम काका…"

पुढे त्यांना बोलता आलं नाही. भोंग्यातून नुसता त्यांचा श्वास येत होता.

न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्या मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. माडीवरची बाई कणकेच्या हातानं जिना उतरली. पलीकडच्या लाकडाच्या वखारीतला माणूस दोन बांबू खांद्यावर टाकूनच आला. इंगोले सरांनी चष्मा काढला. सिंधूबाई पहिल्यापासून आमच्यातच होत्या, सगळं त्यांच्यासमोरच ठरलं होतं, तरी त्यांच्या हातातला हार खाली पडला. आणि ज्याच्यामुळे ही परीक्षा मांडावी लागली तो सुधाकर 'बाबा' म्हणून आत पळाला.

आम्ही त्याच्या मागोमाग गेलो. काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. बशीतला चहा त्यांनी संपवला, मिचमिच्या डोळ्यांनी दाराशी दाटलेल्या गर्दीवरून नजर फिरवली, एकेकाला आवाजावरून ओळखलं.

मग म्हणाले, "वरच्या गल्लीतला देवराव आला नाही वाटते. युनूस, अजून एक डाव बोल!"