पाच पदरी अस्तर

"मावशी, तुम्ही हे शिवून टाकलंत?"

धोडी मॅडमनी दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या हेच विचारलं. मी म्हटलं, "शिलाईच्या दुकानात दिलंत, मग काय तळायचं होतं?"

मॅडम उधव्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. बरोबर सुगंधा होती, नववीतली. तिने अंतराळातल्या दुर्बिणीचं मॉडेल केलं होतं, तालुक्यात पहिला नंबर. त्याच दिवशी दोन वाजता पालघरला जिल्ह्याचं प्रदर्शन. त्यांच्या शाळेतून तिथवर पोचलेली ती पहिलीच. मिठाईच्या खोक्यांच्या सोनेरी पुठ्ठ्याचे अठरा षटकोनी आरसे पोरीने स्वतः कापले होते. खालची चंदेरी छत्री तेवढी माझ्याकडे. मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "पाच पदरी, अस्तरासारखं." आता अस्तर म्हटलं की डहाणू रोडची कुठलीही शिवणारी बाई काय करेल? पाचही थर एकावर एक ठेवून कडेने टीप मारेल. मी तर हौसेने गोधडीसारख्या तिरक्या टिपाही घातल्या. काय देखणी दिसत होती म्हणून सांगू.

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "थर सुटे हवेत हो."

"सुटे कशाला?"

सुगंधा म्हणाली, "मावशी, आपला हात तापलेला असला तर दुसऱ्याचा ताप कळतो का?"

"नाही कळत."

"या दुर्बिणीचं तसंच आहे. ती उष्णतेचा उजेड बघते, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. फार लांबच्या ताऱ्यांचा उजेड येता येता इलॅस्टिकसारखा ताणला जातो आणि तसा होतो. दुर्बीण स्वतःच तापली तर तिला तिचाच ताप दिसेल. म्हणून सूर्याच्या बाजूला ही छत्री. दोन थरांच्या मधून उष्णता बाहेर निघून जाते. तुम्ही वाटच शिवून टाकलीत."

खरी छत्री म्हणे कबड्डीच्या दोन मैदानांएवढी, आणि थर केसाहून पातळ. ती घडी घालून वर नेली आणि तिथे उलगडली. मला आधी वाटलं, इस्त्री कुणी केली असेल.

तीस वर्षांत माझ्याकडचं कापड कुणी परत आणलं नव्हतं. मी शटर ओढलं, कात्री, सुई आणि कोटाच्या बटणांचा डबा घेतला आणि सरळ त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले.

"तुम्ही कुठे?" मॅडम.

"पालघरला. उसवत उसवत."

मी शिवण कुणाकडे शिकले नाही. जुनी पोलकी उसवून उसवून शिकले. उसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मॅडम डोळे मिटायच्या आणि सुगंधा हसायची. तिचं बघून मलाही हसू आवरेना, आणि हातात कात्री. मग थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून दोन थरांच्या मध्ये बटणं टाकायला लागले. सगळीकडे तीन-तीन टाकणार होते, तर सुगंधा म्हणाली, "मध्याजवळ एकच, कडेला तीन. खऱ्या छत्रीतही कडा जास्त उघड्या असतात." बरं बाई. शेवटचं बटण लागलं तेव्हा पालघर आलं होतं.

एकच भानगड राहिली. चंदेरी कागदात सुईची भोकं पडली की पडली, ती बुजत नाहीत.

परीक्षक चष्मा सावरत वाकले. "ही भोकं कसली?"

सुगंधाने पापणीसुद्धा हलवली नाही. "सर, अंतराळात बारीक खडे येऊन आपटतात. एका थराला भोक पडलं तरी मागचे चार सांभाळून घेतात. म्हणून तर पाच."

"असं होय. आणि खडे सरळ रांगेत येतात? सारख्या अंतराने?"

पोरीचा चेहरा उतरला. मॅडम छताकडे बघायला लागल्या. मी मागून हात वर केला.

"सर, ते खडे माझ्या मशीनचे."

आधी सर हसले, मग बाजूच्या टेबलवालेही. "मग शिवलेलं का उसवलंत?" त्यांनी विचारलं. माझ्या आधी सुगंधाच बोलायला लागली. तापलेला हात, ताणलेलं इलॅस्टिक, उष्णतेची वाट, मधलं एक बटण, कडेची तीन. सर पुढच्या टेबलाकडे जायचं विसरूनच गेले.

दुसरा नंबर आला. परतीच्या वाटेवर चारोटीला आम्ही तिघींनी भजी खाल्ली आणि "सारख्या अंतराने?" म्हणत पुन्हा हसलो.

आता कुणी अस्तर घेऊन आलं की मी आधी विचारते, जोडून हवंय की सुटं? बायका माझ्या तोंडाकडे बघतात. बघोत. विचारायला एक मिनिट लागतं, उसवायला पालघरपर्यंतचा रस्ता लागतो.