भिजलेला साबुदाणा

घरातली कामं सगळ्यांत वाटून देणारं एक ॲप आम्ही बनवतो आहोत. त्यासाठी मी घरोघरी जाऊन कोण काय करतं ते विचारतो. आज एका घरातले काका अभिमानाने म्हणाले, "चतुर्थीची खिचडी माझ्याकडे. हिने हातसुद्धा लावायचा नाही."

"साबुदाणा कोण भिजवतं?" मी विचारलं.

काका जरा गोंधळले. "तो भिजलेलाच असतो."

काकू शेजारी भाजलेल्या दाण्यांची सालं काढत बसल्या होत्या. त्या नुसत्या हसल्या.

मी खिचडीपुढे काकांचं नाव लिहिलं. भिजवण्यासाठी आमच्या यादीत ओळच नव्हती. खिचडीचं कौतुक होतं; उद्या चतुर्थी आहे हे आदल्या दिवशी आठवणं कुणाला दिसत नाही. ॲप आठवण करून देईल, असं आम्ही सांगत फिरतो. पण ॲपला ते आधी सांगून ठेवणार कोण? काकूच.

संध्याकाळी घरी आलो. ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. सहज झाकण उचललं, तर आत साबुदाणा. उद्या चतुर्थी आहे, हे मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे खिचडी मी करतो.