लाल टेम्पोच्या पुढची गल्ली

वेबसाइट तपासायची म्हणजे लोक मोबाइल हातात घेतात. निकमनाना चपला घालायचे. दर रविवारी सकाळी चहा झाला की हातात फोन, खिशाला पेन आणि काखेत लांबट वही अशा थाटात ते तळवड्यातल्या आमच्या वस्तीत निघत. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, फोनवरची ओळ नाकाशी धरून वाचायचे आणि मग समोर बघायचे. जुळलं की वहीत बरोबरची खूण. फेरी संपली की माझ्याकडे येत आणि मी पानाच्या तळाशी टाइप करायची : तपासले, निकम.

नाना मूळचे मावळातले. उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलेली. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात चूक शोधायची हाच धंदा, त्यामुळे कंपनीत मित्र बेताचेच होते. निवृत्तीनंतर हा माणूस स्वस्थ बसेल असं त्यांच्या बायकोला, काकूंना वाटलं होतं. मी परभणीची, लग्न होऊन इथे आलेली आणि चाकणच्या एका कंपनीत संगणकावर बसणारी. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला गाठलं आणि वस्तीची वेबसाइट करून दे म्हणाले. मला हसूच आलं. आपला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे की, मी म्हटलं.

"ग्रुपवरचं वाहून जातं, पोरी," नाना म्हणाले. "सकाळी कुणी पाण्याची वेळ टाकतं. दुपारपतोर तिच्यावर पन्नास गुलाबाची फुलं पडत्यात. मग पाणी शोधायचं कुठं?"

 मी फुकटातला एक ब्लॉग उघडला आणि कामाला लागले. मला वर मोठा फोटो हवा होता, हलणारी अक्षरं हवी होती. नानांनी सगळ्यावर काट मारली. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाच्या साध्या फोनवर पान झटक्यात उघडलं पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. मग पाणी कधी येतं, कुठल्या कंपनीची बस कुठे थांबते, मिक्सर कोण दुरुस्त करतं, शिडी कोणाकडे आहे, असं सगळं साध्या काळ्या अक्षरांत आलं. लातूरकडच्या एका बाईंची विकतची ज्वारीची भाकरी पानावर आली, तेव्हा त्या शेजारणीला घेऊन माझ्याकडे आल्या आणि आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. दाराला पाटी नसलेल्या माणसांची नावं पहिल्यांदाच कुठेतरी लिहिली जात होती. माझा नाक मुरडायचा उत्साह तिथे संपला.

नानांचा जीव मात्र 'पत्ते' या पानावर होता. आमच्या वस्तीत गल्ल्यांना नावं नाहीत आणि घरांचे नंबर देवाला माहीत. कोणी पत्ता विचारला की लोक आता त्या पानाची लिंक पाठवू लागले. आमच्या गल्लीची ओळ अशी होती : 'चौकातून आत या. लाल टेम्पो दिसेल. त्याच्या पुढची गल्ली.' हा टेम्पो टायर बसलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं तिथेच होता. त्याच्या हौद्यात मांजरी व्यायल्या होत्या, बाजूच्या दांडीवर आमची धुणी वाळत होती. तो टेम्पो आहे, म्हणजे त्याला चाकं आहेत, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

एका गुरुवारी सकाळी गल्लीतल्या शिंदेकाकांना अर्धांगाचा झटका आला. लेथवर काम करणारा धडधाकट माणूस, दाढी करता करता बसला तो उठेचना. त्यांच्या बायकोने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि ड्रायव्हरला लिंक पाठवली. त्याच आठवड्यात, मंगळवारी टेम्पो भंगारवाल्याने ओढून नेला होता. ड्रायव्हर बिचारा लाल टेम्पो शोधत शोधत पार देहूच्या रस्त्याला लागला. फोनवर फोन झाले, कोणी याला विचार म्हणालं, कोणी त्याला. गाडी दाराशी आली तेव्हा बराच वेळ निघून गेला होता. काका वाचले, पण डावा हात गेला. थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

नाना दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसले. ती ओळ मीच टाइप केली होती, तेव्हा चूक माझीही आहे, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

"कंपनीत ड्रॉइंग खरं. माल जुळला न्हाई तर माल खोटा," ते म्हणाले. "हितं उलटं हाय. हितं वस्ती खरी. जुळलं न्हाई तर आपलं पान खोटं. मला हे आधी कळाय पायजे हुतं."

त्या दिवशी त्यांनी पानाच्या माथ्यावर माझ्याकडून लिहून घेतलं : 'आमच्या गल्लीचा पत्ता चुकला होता. चूक माझी. निकम.' ती ओळ आजही तिथेच आहे. रविवारची फेरी तेव्हापासून सुरू झाली, आणि ती शिंदेकाकांच्या ओट्यावर संपायची. 

पण नुसत्या तपासण्याने नानांचं समाधान होईना. टपरी हलते, पाटी बदलते, भाडेकरू जातात. न हलणारं काय, हे शोधता शोधता ते माणसांपाशी आले. वस्ती शिफ्टवर चालते, म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळी कोणीतरी घरी असतंच. त्यांनी प्रत्येक गल्लीची यादी केली : कुठल्या वारी, कुठल्या वेळी, गाडी आली तर कोपऱ्यावर कोण उभं राहील. पानाचं नावच 'कोपऱ्यावर कोण' ठेवलं. आमच्या गल्लीची मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ त्यांनी स्वतःकडे घेतली. दुपारला कोणी मिळेना, तेव्हा शिंदेकाकांनी आपलं नाव घालायला सांगितलं. नानांचं पेन वहीवरच थांबलं.

"गाडीला हात करायला एकच लागतो की, नाना," शिंदेकाका म्हणाले.

दोन वर्षांनी ती गाडी नानांसाठी आली. बुधवारची दुपार होती. मी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून पाहिलं : कोपऱ्यावर भर उन्हात शिंदेकाका उजवा हात उंच धरून उभे होते, आणि गाडी कुठेही न अडखळता सरळ आत वळली. नाना दवाखान्यात वेळेत पोचले. पण हृदयच पार थकलंय, डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात भेटायला गेले. नानांचा आवाज अगदी खाली गेला होता. पानावर आपलं नाव अजून आहे का, असं त्यांनी विचारलं. राहू दे, बरे होऊन घरी या, मी म्हटलं.

"मी हितं खाटंवर. मंगळवारी कोपऱ्यावर कोण?" ते म्हणाले. "काढ ते."

मी माझं नाव घालते म्हणाले, तर मान हलवली. सकाळी तू कंपनीत असतेस, खोटं नाव घालू नको. मग मी तिथे बसूनच लिहिलं : 'मंगळवार, शुक्रवार, सकाळ : कोणी नाही.' माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. नानांनी फोन मागून घेतला, नाकाशी धरला आणि ओळ सावकाश वाचली.

"हां," ते म्हणाले. "आता जुळलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ती रिकामी ओळ मला रोज टोचत राहिली. तेरावं झाल्यावर शिंदेकाका दाराशी आले. नानांची मंगळवारची आणि शुक्रवारची सकाळ माझ्या नावावर कर, म्हणाले. मी लगेच फोन उघडला, आणि मग तसाच मिटला.

"आधी कोपऱ्यावर येऊन बघते, काका," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.